जुन्या स्पीडबोटी हा वर्कशॉपवाल्यांचा छंद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे स्पीडबोटींवर पानभर लेख आला होता, आम्ही इथे पेपर ऑनलाइन वाचतो त्यामुळे जरा उशिरा बघितला, आणि त्यात स्पीडबोट म्हणजे दुबई-मायामीच्या अब्जाधीशांचे चोचले असं सरसकट लिहून टाकलं होतं. ते वाचून खरंच वाईट वाटलं म्हणून हे पत्र. मी मूळची कोल्हापूरची, बरीच वर्षं झाली दक्षिण कॅलिफोर्नियात आहे, मशीन शॉपमध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मी आणि माझा नवरा साठ-सत्तरच्या दशकातल्या हॉट रॉड बोटी आणून गॅरेजमध्ये परत उभ्या करतो. या छंदातले आमच्या ओळखीचे लोक कोण, तर वेल्डर, ट्रक मेकॅनिक, प्लंबर, हायस्कूलला वर्कशॉप शिकवणारे एक मास्तर, फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेले एक काका. अब्जाधीश एकपण नाही.

तुमच्या वाचकांना २०१७ ला मुंबईत मरीन ड्राइव्हला झालेली पी-१ पॉवरबोट रेस आठवत असेल, स्पीडबोट म्हटलं की तेच डोळ्यासमोर येतं, पण तो कंपन्यांच्या पैशावर चालणारा खेळ. मी बोलतेय ते वेगळंच जग आहे आणि ते जुगाडातून जन्माला आलंय. दुसऱ्या महायुद्धानंतर इकडची तरुण पोरं, त्यातली बरीच सैन्यात इंजिनकाम शिकून आलेली, जुन्या फोर्ड गाड्यांची मडगार्डं काढून, इंजिन सुधारून एल मिराजसारख्या सुकलेल्या तळ्यांवर पळवायची, त्या गाड्या म्हणजे हॉट रॉड. मग त्याच लोकांनी तसलीच व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरची इंजिनं बोटीत टाकली. १९३२ च्या ऑलिंपिकला रोइंगसाठी लॉंग बीचला मरीन स्टेडियम बांधलं होतं, तिथे पुढे या बोटींच्या रेस व्हायला लागल्या. कोलोरॅडो नदीवर १९३८ ला पार्कर धरण झालं आणि त्याच्या मागे लेक हवासू तयार झाला, चेनसॉ बनवणाऱ्या रॉबर्ट मॅक्कलक यांना आपली आउटबोर्ड इंजिनं (बोटीच्या मागे बाहेरून लावायची) टेस्ट करायला जागा हवी होती, त्यातून त्या वाळवंटात गाव वसलं (लंडनचा जुना लंडन ब्रिज दगड सुटे करून आणून १९७१ ला परत उभा केला तो याच गावात). सॅंगर, हॉन्डो, रेसन क्राफ्ट, शियाडा, हॅलेट, एलिमिनेटर ही बोटी बांधणाऱ्यांची नावं इकडच्या बोटवाल्यांच्या तोंडी असतात, आणि यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात छोट्या शेडमध्ये चार-पाच माणसांवर झालेली. त्यांनी बांधलेल्या बोटी आज कुणाच्या तरी घरामागे ताडपत्रीखाली पडून आहेत, ट्रेलरसकट जुन्या सेकंडहॅंड कारच्या किमतीत मिळतात.

आता निवडायची कशी, कारण खरा घोळ इथेच होतो. माणूस बघायला जातो आणि पहिलं लक्ष जातं इंजिनावर, क्रोम, मोठा कार्बोरेटर, वर निघालेले एक्झॉस्टचे पाइप, स्टार्ट मारलं की छातीत धडधडतं, आणि तिथेच सौदा ठरतो. माझं ठाम मत आहे की इंजिनाकडे शेवटी बघावं. इंजिन कधीही बदलता येतं, ते फोर्ड ४६०, ओल्ड्समोबिल ४५५ नाहीतर शेव्हर्ले ४५४ असतं, तिन्ही जवळपास साडेसात लिटरची, आणि कुठलाही चांगला मशीनिस्ट ती उघडून नवीन करून देतो. हल म्हणजे बोटीची बॉडी मात्र तीच राहणार, तुम्ही विकत घेता ती हल.

बाहेरून फायबर दिसतं म्हणून लोकांना वाटतं याला काय होणार, पण आत लाकूड असतं. तळाला लांबीच्या दिशेने लाकडी तुळया असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात, वरून फायबर गुंडाळलेलं. मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम, ती प्लायवूडची. इंजिन बसवताना, सीट बसवताना, पन्नास वर्षांत कुणी ना कुणी त्यात भोकं पाडलेली असतात आणि ती नीट सील केलेली नसतात, पाणी आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं, बाहेरून मेटलफ्लेकचा म्हणजे चमकीचा रंग चकाचक. म्हणून प्लास्टिकची हातोडी घेऊन जायचं आणि माठ घेताना वाजवून बघतात तसं तळ आणि ट्रान्सम इंच इंच वाजवायचा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत गडबड आहे. इंजिन माउंटचे बोल्ट पान्याने आवळून बघायचे, नुसतेच फिरत राहिले तर लाकूड गेलंय. आउटबोर्ड असेल तर खालचा भाग धरून वर-खाली हलवा आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगा, वाकताना दिसला तर तो पूर्ण बदलावा लागणार. मालक परवानगी देत असेल तर आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारून भुसा बघा, कोरडा पिवळा निघाला तर छान, काळा ओला निघाला तर किंमत त्या हिशोबाने बोला. देत नसेल तर का देत नाही हा विचार तुम्ही करा.

दुसरी गोष्ट, ही लोक हमखास विसरतात, बोटीखाली झोपून तळाला लांब सरळ पट्टी लावायची. मागचे पाच-सहा फूट अगदी सरळ पाहिजेत कारण जोरात जाताना बोट तेवढ्याच भागावर चालते. चुकीच्या ट्रेलरवर वर्षानुवर्षं उभी राहिली की तळ दबतो. मागच्या टोकाला खाली बाक आला असेल तर बोट नाक दाबून चालते आणि स्पीड मरतो, उलट बाजूला बाक असेल तर नाक वर-खाली आपटत राहतं. कितीही पॉवर घातली तरी हे दुखणं जात नाही, तळच दुरुस्त करावा लागतो आणि ते फार किचकट काम आहे.

बोटींचे ढोबळ तीन प्रकार येतात. व्ही-ड्राइव्हमध्ये इंजिन मागचं पुढे असं फिरवून बसवलेलं, फ्लायव्हील पुढे, तिथून गिअरबॉक्समधून शाफ्ट परत मागे इंजिनाच्या खालून पाण्यात जातो. कसाले कंपनीचे व्ही-ड्राइव्ह त्यात नावाजलेले, गिअर काढून दुसरे टाकून रेशो बदलता येतो. दिसायला देखण्या, पण बऱ्याच डायरेक्ट ड्राइव्ह असतात, न्यूट्रल नाही, इंजिन चालू झालं की बोट निघालीच. पहिल्यांदा घेणाऱ्याने यात पडू नये.

दुसरा प्रकार जेट, आणि यावर मला जरा जास्त लिहायचंय कारण कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला हे लगेच कळेल. न्यूझीलंडचे बिल हॅमिल्टन हे मूळचे शेतकरी, तिकडच्या उथळ नद्यांत प्रॉपेलर दगडाला लागतो म्हणून त्यांनी १९५० च्या दशकात वॉटरजेट विकसित केलं, आणि १९६० ला त्यांच्या बोटी ग्रॅंड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या उलट्या प्रवाहाने वर चढून गेल्या. नंतर कॅलिफोर्नियात ज्या बर्कली कंपनीचे जेट पंप सगळ्यात जास्त खपले ती मुळात शेतीचे पाण्याचे पंप बनवणारी. माझ्या वडिलांचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं, उसाच्या पट्ट्यातल्या मोटरी यायच्या, मी लहानपणापासून इम्पेलर (पंपातला फिरणारा पंखा), वेअर रिंग (त्याच्याभोवतीची झिजणारी कडी), ग्लॅंड (शाफ्टभोवतीचं पाणी अडवणारं पॅकिंग) हे शब्द ऐकत वाढले, इथे पहिल्यांदा बर्कली पंप उघडला तर आत सगळी तीच ओळखीची मंडळी! तळातल्या जाळीतून पाणी ओढायचं आणि मागच्या नॉझलमधून जोरात फेकायचं, नॉझल वळवलं की बोट वळते, एवढंच काम. वेअर रिंग झिजली की दाबाचं पाणी परत मागे जातं आणि इंजिन तेवढंच ओरडत असूनही बोट पळत नाही. सक्शनच्या बाजूला कुठे हवा ओढत असेल, समजा साफसफाईच्या झाकणाची ओ-रिंग गेली असेल, तर पंप पकड सोडतो, शेतातल्या मोटरीच्या सक्शन पाइपाला चीर गेल्यावर होतं अगदी तेच. ग्लॅंडमधून थेंब थेंब पाणी टपकलंच पाहिजे, कोरडी आवळून टाकली की शाफ्ट खाल्ला.

जेटची आणखी एक गंमत सांगते, बोटीत एक माणूस असो की चार, फुल थ्रॉटलला आरपीएम जवळपास तेवढेच राहतात कारण इंजिनावर लोड इम्पेलरचा असतो. म्हणजे इम्पेलरचा साइज माहीत असेल (ए, बी, सी अशी अक्षरं असतात, ए मोठा) तर टॅकोमीटर म्हणजे आरपीएमचा काटा बघून इंजिनाची खरी हॉर्सपॉवर जवळपास काढता येते, तसे तक्तेच मिळतात. विकणारा सांगतो सहाशे हॉर्सपॉवर, टॅकोमीटर सांगतो चारशे. एक धोका मात्र ध्यानात ठेवा, जेटला सुकाणू नसतं, घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की पाणी फेकणं थांबतं आणि वळणंही थांबतं, नेमकं समोर काहीतरी आल्यावर माणूस तेच करतो. नवीन माणसाच्या हातात देण्याआधी रिकाम्या पाण्यात हे करून दाखवायचंच.

तिसरा आउटबोर्डचा, हा जास्त करून अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागात, मिनेसोटाची हायड्रोस्ट्रीम, टेनेसीची अॅलिसन, ओहायोची चेकमेट. हलकी बोट, व्ही आकाराच्या तळाला मधोमध अरुंद सपाट पट्टी, तिला पॅड म्हणतात, आणि मागे मर्क्युरीचं टू-स्ट्रोक. १९७६ ला त्यांचं व्ही-सिक्स ब्लॅक मॅक्स आलं १७५ हॉर्सपॉवरचं, त्यानंतर या बोटींचा नूरच बदलला. स्पीड वाढला की बोट पॅडवर चढते आणि डावी-उजवीकडे डुलायला लागते, त्याला चाइन वॉक म्हणतात, तिथे स्टिअरिंगचा अगदी बारीक हात लागतो आणि केबलला ढिलाई असेल तर गाठ आहे. इथे हिशोबही सोपा, आरपीएमला गिअर रेशोने भागा, प्रॉपेलरच्या इंचातल्या पिचने (एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) गुणा, १०५६ ने भागा, ताशी मैल आले. सहा हजार आरपीएम, १.८७ रेशो, २४ चं पिच, तर साधारण ७३ मैल, त्यातून स्लिपचे म्हणजे पाण्यात प्रॉपेलर घसरतो त्याचे दहा टक्के काढले तर ६५-६६ मैल, म्हणजे ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास. कुणी याच सेटअपवर नव्वद मैल सांगत असेल तर कागदावर करून दाखवा त्याला. पण हे जुने कार्बोरेटरवाले टू-स्ट्रोक सगळीकडे चालत नाहीत, लेक टाहोवर १९९९ पासून बंदीच आहे, तेव्हा आपल्या जवळच्या तळ्याचा नियम आधी बघा. मला विचाराल तर पहिली बोट जेटच घ्या.

आता दुरुस्ती. स्ट्रिंगर बदलताना सगळे एकदम कापायचे नाहीत आणि वरचं डेक आणि आतला फ्लोअर एकाच वेळी काढायचा नाही, हल ढिली पडते, पीळ बसतो आणि तो पीळ तुम्ही नव्या फायबरमध्ये कायमचा पक्का करून टाकता. खाली भरपूर आधार द्यायचा, लेव्हल बघायची, दोऱ्या ताणून मापं घ्यायची, पुठ्ठ्याचा साचा करायचा आणि एका वेळी एक. जुनं फायबर ३६ नंबरच्या ग्रिटने खालच्या कोऱ्या थरापर्यंत घासायचं, रंगावर किंवा ग्रीसवर काही चिकटत नाही. फायबर चिकटवायचं रेझिन पॉलिएस्टर घ्यायचं की इपॉक्सी यावर इकडे लोक तासन्‌तास भांडतात, जुन्या पृष्ठभागाला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं हे खरं, पण त्यावर नंतर गेलकोट म्हणजे वरचा चकचकीत थर नीट बसत नाही आणि खर्च बराच जास्त, म्हणून आम्ही ट्रान्सम आणि स्ट्रिंगरला इपॉक्सी आणि बाहेरून दिसणाऱ्या भागाला पॉलिएस्टर असं करतो. आमच्याकडे उन्हाळ्यात चाळिशीपर्यंत पारा जातो, दुपारी रेझिन डब्यातच धूर सोडून दगड होतं, त्यामुळे पहाटेच काम. रेझिनमध्ये मिसळायच्या हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा पाहिजेच, आणि साधा कापडी मास्क चालत नाही, वाफेसाठीचे कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो. तुमच्या गावात फायबरच्या टाक्या बनवणारी पोरं उघड्या तोंडाने काम करताना मी बघितलीत, त्यांच्या मालकांनीही हे वाचावं.

इंजिनाच्या बाबतीत एकच गोष्ट फार महत्त्वाची, गाडीचे पार्ट बोटीत घालायचे नाहीत. गाडीखालून पेट्रोलची वाफ उडून जाते, बोटीत ती हवेपेक्षा जड म्हणून तळात साठते आणि एक ठिणगी पुरते. मरीन स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर पडू नये असे बनवलेले असतात, मरीन कार्बोरेटर ओव्हरफ्लो झाला तर पेट्रोल बाहेर न सांडता आत जातं, वर फ्लेम अरेस्टर म्हणजे ज्वाळा अडवणारी जाळी लागते. बंद इंजिनखोलीच्या बोटीत स्टार्ट मारायच्या आधी चार मिनिटं ब्लोअर (आतली वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवायचा, नाकाने वास घ्यायचा, मगच किल्ली. थंड राज्यातली स्वस्त बोट असेल तर इंजिनाच्या ब्लॉकच्या दोन्ही बाजू टॉर्च मारून बघा, हिवाळ्याआधी पाणी काढायचं राहिलं असेल तर बर्फाने तडा गेलेला असतो.

कागदपत्रं बोटीची वेगळी, ट्रेलरची वेगळी. नोव्हेंबर १९७२ नंतरच्या बोटीला ट्रान्समच्या उजव्या बाजूला बारा अक्षर-आकड्यांचा हल नंबर असतो, तो कागदावरच्या नंबराशी जुळला पाहिजे, नाही जुळला तर बोट कितीही आवडली तरी परत फिरायचं.

पैशाचं खरं सांगते, सगळं नवीन करून विकायला गेलात तर घातलेले पैसे निघत नाहीत. पण दोन-तीन हिवाळे त्यात जातात, वेल्डिंग येतं, वायरिंग येतं, पंप येतो, शेजारपाजारची माणसं येऊन हात लावतात. आमच्याकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांतल्या मुलांना ग्राइंडर हातात घ्यायचा असतो आणि आईबाप म्हणतात हात काळे कशाला करतोस, अभ्यास कर. याचा मला मनापासून त्रास होतो. इतकी मशीन शॉप, इतक्या फाउंड्र्या असलेल्या गावातून आलेली मी, हाताच्या कामाला कमी लेखणं मला जमत नाही.

आणि घरामागच्या अंगणात काय होऊ शकतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तुमच्या लेखात यायलाच हवं होतं. ऑस्ट्रेलियाच्या केन वॉर्बी यांनी लष्कराच्या जुन्या सामानातलं जेट इंजिन घेऊन सिडनीतल्या आपल्या घराच्या अंगणात स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया बोट बांधली आणि ८ ऑक्टोबर १९७८ ला ब्लोअरिंग धरणाच्या पाण्यावर ताशी ५११ किलोमीटर गाठले, ते वर्ल्ड रेकॉर्ड अजून कुणाला मोडता आलेलं नाही. इंग्लंडचे डोनाल्ड कॅम्पबेल ४ जानेवारी १९६७ ला कॉनिस्टन तळ्यावर रेकॉर्डच्या प्रयत्नात मरण पावले, त्यांची ब्लूबर्ड बोट २००१ ला बिल स्मिथ या इंजिनिअरने तळातून वर काढली आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं राबून जमेल तेवढे मूळ पत्रे सरळ करून वापरत ती उभी केली, ऑगस्ट २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या लॉक फॅडवर ती परत पाण्यावर धावली. पत्रा ठोकून सरळ करणाऱ्या लोकांनी केलेलं काम आहे ते.

शेवटी एक विनंती. त्या लेखासोबत जो मोठा रंगीत फोटो छापलाय त्यात बोट चालवणाऱ्याच्या अंगात लाइफ जॅकेट नाही आणि किल स्विचची दोरीही कुठे दिसत नाही. ही दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असते, माणूस बाहेर फेकला गेला की ती निघते आणि इंजिन बंद पडतं, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून पाण्यातल्या त्याच माणसावर येते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान मोटरबोटीवर हा स्विच बसवलेला असेल तर तो वापरणं कायद्याने सक्तीचं आहे. मालवण, तारकर्लीला पर्यटकांच्या स्पीडबोटी चालवणारी पोरं तुमचा पेपर वाचतात, त्यांच्यासमोर असा फोटो जाऊ नये. पुढच्या वेळी जॅकेट आणि दोरी दोन्ही दिसतील असा फोटो निवडावा, आणि शक्य असेल तर याच पुरवणीत एका चौकटीत ही दोरी कशी लावायची ते छापावं.

आपली नियमित वाचक,
एक कोल्हापूरकर, सध्या दक्षिण कॅलिफोर्निया